टॅपेट पुन्हा पुन्हा टाइट होतात तेव्हा

फोर-स्ट्रोक डर्ट बाइक किकला उचलेनाशी झाली की लोक आधी प्लग बदलतात, मग कार्बोरेटर खोलतात. माझ्या गाडीचं दुखणं तिथं नाही हे मला टॅपेटच्या, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या गॅपच्या, नोंदींवरून कळलं होतं. गाडी होंडा सीआरएफ २५० आर, २००४ ते २००९ या कार्बोरेटरच्या काळातली, सेकंडहँड घेतलेली. सेल्फ नाही, नुसती किक. आधी थंड असताना जास्तीच्या किका लागायला लागल्या. मग गरम झाल्यावर बंद पडली तर किकनं उठेचना. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ढकलली की मात्र लगेच चालू व्हायची, आणि एकदा चालू झाली की वरच्या आरपीएमला ताकद जवळजवळ पहिल्यासारखीच. ज्यांच्याकडे मोटोक्रॉसची फोर-स्ट्रोक आहे त्यांनी हे लक्षण पाठच करून ठेवावं. व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तर किकच्या संथ फेऱ्यात कॉम्प्रेशन निसटून जायला वेळ मिळतो. इंजिन जोरात फिरत असताना तेवढा वेळच मिळत नाही, म्हणून पळताना गाडी धडधाकट वाटते.

या इंजिनात दोन इनटेक (हवा-पेट्रोल आत घेणारे) आणि दोन एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारे) असे चार व्हॉल्व्ह आणि वर त्यांना उघडणारा एकच कॅम. होंडा याला युनिकॅम म्हणते. इनटेकला कॅम थेट बकेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीच्या टोकावरची वाटी, दाबतो, एक्झॉस्टला मध्ये दोन फाट्यांचा एक रॉकर, म्हणजे तरफ, आहे. गॅप इनटेकला ०.१२ मिमी, एक्झॉस्टला ०.२८ मिमी, दोन्हीकडे ०.०३ कमी-जास्त चालतं. माप थंड इंजिनावर घ्यायचं, आणि थंड म्हणजे ३५ अंशांच्या खाली. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी सावलीत उभी असलेली गाडीसुद्धा या हिशेबानं थंड नसते. म्हणून मी फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या पात्या, सकाळीच, ऊन चढायच्या आत काढतो.

रस्त्यावरच्या गाडीची सवय असलेल्याला वाटतं, झीज झाली म्हणजे टॅपेट ढिले होणार, वाजणार. इथं उलटं होतं. व्हॉल्व्हची कड आणि सीट (हेडमधली, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणातली, व्हॉल्व्ह टेकतो ती रिंग) झिजली की व्हॉल्व्ह सीटमध्ये आणखी आत बसतो. आत बसला की त्याची दांडी वर सरकते, आणि वर कॅमपर्यंतची जागा कमी होते. आवाज काही येत नाही. उलट इंजिन जास्तच शांत वाटतं. गॅप शून्यावर आला की इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही.

माझ्या नोंदींत दोन्ही इनटेक सुरुवातीला ०.१२ वर होते. मग उजवा ०.१० वर आला आणि बराच काळ तिथंच थांबला. मग ०.०८. तेव्हा शिम बदलून मी तो पुन्हा ०.१२ वर आणला. शिम म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी कडक पोलादी चकती, बकेटच्या खाली व्हॉल्व्हच्या टोकावर बसते. ती पातळ घातली की गॅप वाढतो. त्यानंतर मात्र थोड्याच राइडमध्ये ०.०५ ची पातीही आत जाईना. डावा इनटेकही त्याच वाटेवर होता. दोन्ही एक्झॉस्ट ०.२८ वर जसेच्या तसे.

आकड्यांची ही चाल मला फार महत्त्वाची वाटते, आणि तिचं कारण धातूत आहे. या गाडीचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह स्टीलचे, पण इनटेक टायटॅनियमचे. टायटॅनियमची घनता ४.५ च्या आसपास, स्टीलची ७.८, म्हणजे तोच व्हॉल्व्ह चाळीस टक्क्यांहून हलका. हे इंजिन तेरा हजार आरपीएमपर्यंत सहज ओरडतं. त्या वेगाला एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला शंभराहून जास्त वेळा उघडतो आणि मिटतो, तेव्हा वजनातला प्रत्येक ग्रॅम मोलाचा. पण टायटॅनियम स्वतः झिजेला टिकणारा धातू नाही. म्हणून व्हॉल्व्हवर एक अतिशय पातळ, कडक थर दिलेला असतो. तो थर शाबूत आहे तोवर गॅप महिनोन्‌महिने हलत नाही. थर गेला की खालचा मऊ धातू उघडा पडतो आणि झीज एकदम वेग घेते. शिम बदलून भागतं ते पहिल्या टप्प्यात. थर गेल्यावर शिम बदलणं म्हणजे माप दुरुस्त करणं, व्हॉल्व्ह नव्हे. वरून धोका असा की झिजून कडेला खाच पडलेल्या व्हॉल्व्हचं डोकं चालत्या इंजिनात तुटू शकतं. मग पिस्टन, सिलिंडर, हेड, सगळंच जातं. म्हणून माझं मत ठाम आहे: शिम एकदा बदलावी. तोच व्हॉल्व्ह लवकरच पुन्हा टाइट झाला तर हेड उतरवावं.

तरी खात्री म्हणून लीक-डाउन टेस्ट केली. साधा कॉम्प्रेशन गेज इथं फसवतो, कारण किक सोपी जावी म्हणून कॅमवर ऑटो डीकॉम्प्रेसर असतो आणि तो किकच्या वेगाला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो. लीक-डाउनमध्ये पिस्टन वर, कॉम्प्रेशनला आणून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट, इंजिनच्या ब्रीदरच्या नळीतून आली तर पिस्टनच्या रिंगा. माझ्याकडे कार्बोरेटरच्या तोंडातून हवा येत होती, हाताला लागेल इतकी. म्हणजे इनटेकच. प्रश्न मिटला.

आता नवे व्हॉल्व्ह कुठल्या धातूचे, हा खरा निर्णय. टायटॅनियमचे कंपनीचेच मिळतात, आणि स्टेनलेस स्टीलचे बदली किटही मिळतात. स्टील जड, म्हणून त्याच्यासोबत जास्त ताकदीच्या स्प्रिंग घ्याव्याच लागतात. जुन्या स्प्रिंगवर जड व्हॉल्व्ह घातला तर वरच्या आरपीएमला तो कॅमच्या मागं रेंगाळतो आणि पिस्टनला भिडू शकतो. राष्ट्रीय पातळीवर शर्यत करणाऱ्यानं टायटॅनियम घ्यावं, दर सीझनला बदलावं. मी मुरमाच्या टेकड्यांवर आणि कधी स्थानिक ट्रॅकवर चालवतो. आमच्याकडचा मुरूम पाऊस थांबला की आठवड्याभरात पिठासारखा उडायला लागतो, आणि इथं पार्ट मागवला की कस्टम ड्युटी वेगळी. मला शेवटच्या हजार आरपीएमपेक्षा टिकाऊपणा हवा होता. स्टीलचे दोन इनटेक व्हॉल्व्ह, स्प्रिंग, रिटेनर आणि सील असा पूर्ण किट ठरवला. अमेरिकेहून येणाऱ्या मावसभावानं तो बॅगेत आणला.

इंजिन फ्रेममधून उतरवावं लागत नाही. सीट, टाकी, सायलेन्सरचा बेंड पाइप, कार्बोरेटर, कूलंट, वरचे माउंटिंग बोल्ट, एवढ्यात हेड मोकळं होतं. पाना लावायच्या आधी सगळं इंजिन प्रेशरनं धुवून वाळवून घेतलं होतं. फ्रेमच्या कोपऱ्यात अडकलेला एक खडा उघड्या सिलिंडरमध्ये पडला तर पुढच्या सगळ्या कामाला अर्थ राहत नाही.

हेड कव्हर काढल्यावर टायमिंगच्या खुणा जुळवल्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवले. टायमिंग चेनचा टेन्शनर छोट्या स्क्रूड्रायव्हरनं फिरवून आत ओढून धरला, कॅमच्या चक्रीचे बोल्ट काढले, चेन तारेनं बांधून फ्रेमला अडकवली. चेनच्या विहिरीत स्वच्छ फडका कोंबला. या पायरीला घाई अजिबात नको. कारण कॅमचा होल्डर वर उचलताना इनटेकचे बकेट त्याच्यातच अडकून वर येतात, आणि शिम कधी बकेटला आतून तेलानं चिकटलेली असते, कधी व्हॉल्व्हच्या टोकावर राहते. वाटेत सुटली तर थेट खाली. मी होल्डर दोन्ही हातांनी सरळ वर घेतला, शेजारी मित्र चुंबक घेऊन उभा होता. त्यानं प्रत्येक बकेट, प्रत्येक शिम क्रमानं अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवली आणि खाली मार्करनं डावा-उजवा लिहिलं. हा क्रम बदलला तर पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

हेडचे बोल्ट तिरक्या क्रमानं, थोडे थोडे करत सैल केले. हेड सुटून हातात आलं. स्प्रिंग कॉम्प्रेसरनं स्प्रिंग दाबून ती दांडीवर धरून ठेवणारे छोटे लॉक काढले, इनटेक बाहेर आले. व्हॉल्व्ह उजेडात तिरका धरला तेव्हा जे दिसलं ते इतके दिवस नुसतं आकड्यात दिसत होतं. डोक्याच्या कडेला जिथं सीट टेकते तिथं गोल फिरलेली खाच, तिच्या दोन्ही बाजूंना मूळ थराचा करडा रंग आणि खाचेत उघडा चकचकीत धातू. नख कडेकडून आतल्या बाजूला ओढलं की त्या खाचेत अडकत होतं. उजव्यात ती जास्त खोल, आणि एका बाजूला रुंदही होती. म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर सगळीकडे सारखा बसत नव्हता.

हेड घेऊन नाना पेठेतल्या एका मशीनवाल्या काकांकडे गेलो. त्यांचं आयुष्य हेडमध्ये गेलंय. व्हॉल्व्ह हातात घेऊन त्यांनी खाचेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "वॉल नवे आणलेस?"

"आणलेत. पूर्ण किट आहे, काका."

"मग सीट कापायलाच लागेल. जुन्या सीटवर नवा वॉल ठेवलास तर जुन्याची खोड नव्याला लागते. आणि गाईड बघितल्याशिवाय मी कटर लावणार नाही."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. बरेच जण खर्च वाचवायला नुसते व्हॉल्व्ह बदलतात आणि गॅप लगेच पुन्हा पळायला लागतो. झिजलेली सीट रुंद आणि किंचित वाकडी झालेली असते. नवा व्हॉल्व्ह तिच्यावर एका बाजूनंच आपटत राहतो. टायटॅनियम असेल तर त्याचा थर असा फार लवकर जातो. आणि टायटॅनियमचा व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासून बसवताही येत नाही, कारण पेस्टनं तोच थर निघतो. तिथं सीट अचूक कापणं हा एकच रस्ता.

काकांनी नव्या व्हॉल्व्हची दांडी मायक्रोमीटरनं मोजली, गाईडमध्ये, म्हणजे ती ज्या नळीत सरकते तिच्यात, घालून थोडी बाहेर ओढली आणि चारी बाजूंना हलवून बघितली. खेळ नव्हता. गाईड ठेवायचं ठरलं. मग गाईडमध्ये पायलटची दांडी बसवली. कटर त्या दांडीवर फिरतो, म्हणून गाईड सैल असेल तर सीट गाईडच्या मध्याशी जुळतच नाही. आधी ४५ अंशांचा कटर. काका तो हातानं फिरवत होते, वजन जवळजवळ न टाकता. पहिल्या फेरीत सीटवर एकाच बाजूला नवी चमक आली, दुसरी बाजू काळीच. त्यांनी मला वाकून बघायला सांगितलं. उजव्या व्हॉल्व्हची खाच ज्या बाजूला रुंद होती ती हीच बाजू. आणखी हलके फेरे झाल्यावर चमक सगळीकडून जुळली, आणि तिथंच ते थांबले. जास्त कापलं तर व्हॉल्व्ह आणखी वर सरकतो आणि शिमला जागा उरत नाही. मग वरून ३२ अंश, खालून ६० अंश, आणि शेवटी पुन्हा ४५ चा एक नाजूक हात. ३२ आणि ६० चं काम एवढंच, की मधली टेकायची पट्टी अरुंद राहावी आणि व्हॉल्व्हच्या कडेच्या बरोबर मध्यावर यावी. पट्टी सुमारे १ मिमी हवी. रुंद झाली तर दाब विभागला जातो आणि धूळ त्यात अडकून राहते. फार अरुंद झाली तर व्हॉल्व्हची उष्णता हेडमध्ये उतरायला वाट उरत नाही.

शेवटी मार्किंग ब्लू. व्हॉल्व्हच्या कडेला निळ्या रंगाचा अगदी पातळ हात, व्हॉल्व्ह सीटवर टेकवून दाबायचा, न फिरवता उचलायचा. सीटवर निळी रिंग उमटली, कुठंही न तुटलेली. एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह स्टीलचे आणि मापात होते, ते काकांनी फाइन पेस्टनं हलके घासून दिले. त्यांच्या हाताला मी दाद दिली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आधी पेट्रोल टाकून बघ, मग बोल."

घरी आल्यावर हेड रॉकेलनं, मग साबणाच्या पाण्यानं धुतलं आणि हवेनं वाळवलं. पेस्टचा एक कणही गाईडमध्ये राहायला नको. नवे सील बसवले, दांड्यांना मॉलीचं तेल लावलं, नव्या स्प्रिंग घातल्या. लॉक ग्रीसच्या ठिपक्यानं चिकटवले की बोटातून उडत नाहीत. स्प्रिंग सोडल्यावर प्लास्टिकच्या हातोडीनं दांडीच्या टोकाला हलकी टिचकी मारली, म्हणजे लॉक आपल्या खाचेत पक्के बसतात. मग हेड कलतं ठेवून इनटेक पोर्टमध्ये पेट्रोल ओतलं आणि आतल्या बाजूला टॉर्च धरून बसलो. व्हॉल्व्हच्या भोवती ओल दिसली नाही. एक्झॉस्टलाही नाही.

हेड गॅस्केट नवंच. जुनं कितीही चांगलं दिसलं तरी एकदा दाबलेलं गॅस्केट परत वापरू नये. बोल्टच्या आट्यांना आणि वॉशरला तेल लावून, मॅन्युअलमधल्या टॉर्कनं, तिरक्या क्रमानं, टप्प्याटप्प्यानं आवळले.

आता शिमचा हिशेब. नवा व्हॉल्व्ह झिजलेल्यासारखा सीटमध्ये रुतलेला नसतो, त्यामुळं दांडीचं टोक खाली येतं. पण सीट कापल्यामुळं तेच टोक थोडं वरही जातं. दोन्हींचं मिळून काय होईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून जुनीच शिम घालून कॅम बसवायचा आणि मोजायचं. सूत्र सोपं: आत्ताचा गॅप, वजा हवा असलेला गॅप, अधिक जुन्या शिमची जाडी. उजव्या इनटेकला १.८० ची शिम होती आणि गॅप आला ०.२७. त्यातून ०.१२ वजा केले, १.८० मिळवले, म्हणजे १.९५ ची शिम. शिमवर जाडी कोरलेली असते, पण वापरलेल्या शिमवर मी विश्वास ठेवत नाही, मायक्रोमीटरनं मोजतो. बाजारात मिळणाऱ्या किटमध्ये शिम ०.०५ च्या टप्प्यानं येतात, कंपनीच्या ०.०२५ च्या टप्प्यानं. डाव्याला मला मधलं माप लागलं, तेवढ्या एका शिमसाठी काम अडलं. ती एका ओळखीच्या रायडरच्या डब्यात सापडली. स्टीलच्या किटसोबतच्या कागदात गॅप कंपनीचाच ठेवायला सांगितला होता, म्हणून ०.१२ वरच थांबलो.

कॅम, चक्री, चेन, टेन्शनर बसल्यावर इंजिन हातानं, सावकाश, पूर्ण दोन फेरे फिरवलं. कुठं अडलं नाही. खुणा पुन्हा बघितल्या, गॅप पुन्हा मोजला. दोन्ही फेऱ्यांत कुठंही हाताला कडक लागलं असतं तर जोर न लावता तिथंच थांबून सगळं परत खोललं असतं. एक दात चुकलेला कॅम नव्या व्हॉल्व्हना किकच्या पहिल्याच फेऱ्यात वाकवू शकतो.

इंजिन ऑइल नवं घातलं. या होंडात इंजिनचं आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगवेगळं आहे, आणि ऑइल बदलताना इंजिनकडं पाऊण लिटरसुद्धा लागत नाही. एवढ्याशा तेलावर एवढं फिरणारं इंजिन चालतं, म्हणून मी ते फार वापरू देत नाही. कूलंट भरलं, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून हवा काढली. मग किक. किकखाली पायाला जो ताठरपणा लागला तो मला या गाडीत फार दिवसांत लागला नव्हता. चालू झाली. रेडिएटर गरम होईपर्यंत चालवली, बंद केली, पूर्ण गार होऊ दिली, पुन्हा तसंच. पहिली राइड अर्ध्या थ्रॉटलच्या आत. दुसऱ्या दिवशी सकाळी कव्हर काढून गॅप मोजला: उजवा ०.११, डावा ०.१२. नवा व्हॉल्व्ह आणि नवी सीट सुरुवातीला एकमेकांत थोडी बसतात, तेव्हा हे एवढं हलणं अपेक्षितच. नंतरच्या मापांत आकडे जागचे हलले नाहीत. वरच्या आरपीएमला किंचित फरक जाणवतो, इंजिन शेवटाकडं पहिल्याइतक्या सहज चढत नाही. माझ्या वापरात त्यानं काही अडत नाही.

स्टील आलं म्हणून धूळ माफ होत नाही. इनटेकच झिजतात आणि एक्झॉस्ट टिकतात, याला धातूइतकीच धूळही कारण आहे: फिल्टरमधून सुटलेला प्रत्येक कण आधी इनटेकच्या सीटवर आपटतो. आता मी दोन फोम फिल्टर ठेवतो, एक गाडीत, एक धुवून तेल लावून पिशवीत. फिल्टरचं तेल हातानं दाबत सगळीकडे सारखं मुरवायचं, रंग सगळीकडे एकसारखा दिसला पाहिजे, आणि ते चिकट होईपर्यंत थांबायचं. फिल्टर जिथं एअरबॉक्सवर टेकतो त्या कडेला ग्रीसचा जाड थर. फिल्टर काढला की इनटेकच्या रबरी नळीत आतून पांढरा फडका फिरवून बघायचा. फडका स्वच्छ निघाला तर ठीक. मातकट निघाला तर राइडला जायच्या आधी फिल्टरची कड तपासायची आणि टॅपेटचं माप लगेच घ्यायचं.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुढच्या पिस्टन-रिंगच्या कामाबरोबर बदलणार आहे. तेव्हा हेड उतरणारच, आणि काकांनी आत्ताच सांगून ठेवलंय की त्या वेळी एक्झॉस्टच्या गाईडही मोजून घ्यायच्या.